पाकिटावर ५००, मशीनला ४८८

इंदूरच्या एका भगिनीचं पत्र, थोडं आटोपून: “सांवेर रोडवरच्या शेव-नमकीनच्या कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे. रोज साधारण ३,००० पाकिटं निघतात. गेल्या महिन्यात शेठजींनी ५०० ग्रॅमच्या पाकिटाला मशीन ४८८ वर लावायला सांगितलं. रजिस्टरात मात्र ५०० लिहायचं, आणि खाली सही माझी. ‘इतना तो सब करते हैं’ म्हणतात. घरी भाऊजींना सांगितलं, तर ते म्हणाले, पवित्र शास्त्रात डुकराचं मांस आधी बंद होतं, मग सुरू झालं. व्याज बंद होतं, आज मंडळीतल्या सगळ्यांच्या एफडी आहेत. सगळंच काळाप्रमाणे बदलतं, तू एकटी का अडून बसतेस? मला उत्तर सुचलं नाही. सीझनमध्ये रविवारीही कामावर बोलावतात. आणि सासूबाईंना कॅन्सर निघालाय. घरच्यांनी त्यांना सांगू नको म्हणून बजावलंय. त्या मला एकटीला गाठून विचारतात, मी ‘काही नाही आई, अशक्तपणा आहे’ म्हणते. हेही खोटंच ना? कुठलं तत्त्व कधीच बदलत नाही, हे ओळखायचं तरी कसं?”

ताई, सलाम.

भाऊजींवर रागावू नका. त्यांनी विचारलंय ते ख्रिस्ती मंडळीने पहिल्या शतकातच स्वतःला विचारलं होतं. यरुशलेमेत सभा भरली, सुंता आणि मोशेचं नियमशास्त्र परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, लादायचं का यावर बराच वादविवाद झाला, आणि तो प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये लिहून ठेवलाय. नियम बदलले हे खरंच आहे. बदलले कोणते आणि का, एवढंच भाऊजींनी पाहिलेलं नाही.

लेवीय १९ उघडा आणि दोघं मिळून वाचा. तेराव्या वचनात मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको असं आहे. अठराव्यात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. एकोणिसाव्यात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नको. पस्तीस-छत्तीसमध्ये खरी तराजू, खरी वजनं, खरा एफा, खरा हिन. एफा धान्याचं माप, हिन पातळ पदार्थाचं. एकाच अध्यायात, शेजारी शेजारी, आणि कुठला नियम कायमचा, कुठला त्या काळापुरता, अशी चिठ्ठी कशालाच लावलेली नाही. तुमच्या अंगावरचा टेरिकॉटचा ड्रेस एकोणिसाव्या वचनात बसत नाही, तरी तुम्ही तो घालून उपासनेला जाता, आणि त्यात काही चुकत नाही.

मग निवाडा कसा करायचा? तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने जुन्या नियमांचे तीन भाग केले: नैतिक, विधीचे आणि इस्राएल राष्ट्राच्या कारभाराचे. पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही हीच विभागणी घेतली. ती कामाची आहे, पण रोजच्या जगण्यात नुसती नावं पुरत नाहीत. नियम हातात आला की त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हा कोणासाठी दिला होता, सगळ्या माणसांसाठी की निवासमंडपाभोवती, म्हणजे उपासनेच्या तंबूभोवती, राहणाऱ्या एका लोकसमूहासाठी? प्रभूने आणि प्रेषितांनी त्याचं पुढे काय केलं? आणि तो कोणाला जपत होता?

डुकराचं मांस या तीन प्रश्नांपुढे ठेवा. तो नियम इस्राएलला इतरांहून वेगळं ठेवण्यासाठी होता, आणि मार्क ७ मध्ये अन्न माणसाला विटाळत नाही असं प्रभूने स्वतः सांगितलं. तिथे तो संपला. मजुरी ठेवून घेण्याचा नियम याच रांगेत लावून पाहा. तो याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, जसाच्या तसा उभा आहे: शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. खोटेपणा टाकून शेजाऱ्याशी खरं बोला हे इफिसकरांस ४:२५ मध्ये आहे, आणि चोरी करणाऱ्याने ती सोडून कष्ट करावेत हे लगेच २८ मध्ये. म्हणजे खाण्यापिण्याचे नियम ज्या प्रेषितांनी सोडून दिले, त्यांनीच वजनामापाचं तत्त्व पुढच्या पिढीच्या हातात दिलं. ‘सगळंच बदलतं’ हे म्हणणं इथेच अडतं.

व्याजाचं उदाहरण भाऊजींनी चांगलं काढलं, कारण त्यात मंडळी स्वतःच खूप काळ घोटाळत होती. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारलं होतं. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विनने मूळ वचनांकडे पुन्हा पाहिलं. निर्गम २२:२५ मध्ये शब्द आहेत ते ‘तुझ्याजवळच्या गरिबाला’ दिलेल्या कर्जाबद्दल. नियम जपत होता तो अडलेल्या माणसाला. धंद्यात गुंतवलेल्या पैशावर वाटा घेणं ही वेगळी गोष्ट. म्हणून बँकेतली एफडी आज पाप ठरत नाही. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला डेंग्यू झाला असताना तिला शेकडा पाचने महिन्याचं व्याज लावणं ३,००० वर्षांपूर्वी जेवढं वाईट होतं तेवढंच आजही आहे. तत्त्व हललं नाही. पैशाचं काम बदललं, म्हणून लागू करण्याची रीत बदलली.

हे न हलणारं कशावर टेकलंय, तेही त्याच अध्यायात आहे. खऱ्या तराजूची आज्ञा दिल्यावर वचन थांबत नाही. ज्याने तुम्हाला मिसर देशातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुमचा देव आहे, असं ते म्हणतं. मिसरच्या राजाकडे, फरोकडे, ज्यांच्याकडून विटा मोजून घेतल्या जात होत्या, त्यांना सांगितलंय की तुम्ही माप हातात घ्याल तेव्हा ते खरं ठेवा. देव पालटत नाही, म्हणून त्याच्या स्वभावातून आलेली आज्ञा पालटत नाही. दिवाळीच्या ऑर्डरींनी ती कशी पालटेल?

आता तुमचं मशीन. १२ ग्रॅम म्हणजे चिमूटभर शेव. पाकीट हातात घेतलं तर कोणालाही कळणार नाही, आणि ‘इतना तो’ याच भरवशावर म्हटलं जातं. गुणाकार करा. १२ ग्रॅम गुणिले ३,००० म्हणजे दिवसाला ३६ किलो. रोज ७२ पाकिटं अशी विकली जातात ज्यांत शेव भरलीच नाही, पण पैसे घेतले. ते पैसे नंदानगरात किंवा मालवा मिलच्या चाळींत सकाळच्या पोह्यांवर घालायला शेव नेणाऱ्या घरांतून आलेले असतात.

शेठजी एक गोष्ट नक्की काढतील: कायदाच सूट देतो. ते अर्धं खरं आहे, म्हणून नीट समजून घ्या. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ५०० ग्रॅमच्या पाकिटाला ३ टक्के, म्हणजे १५ ग्रॅमपर्यंत चूक चालते. ही मुभा यासाठी की कुठलंही मशीन प्रत्येक पाकीट हुबेहूब भरू शकत नाही. शेव कधी लांब पडते, कधी चुरा जास्त येतो, त्यामुळे एखादं ४९६ भरतं, एखादं ५०५. पण त्याच नियमांत नमुन्याच्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असू नये अशीही अट आहे. ४८८ वर लावलेलं मशीन बहुतेक पाकिटं १५ ग्रॅमच्या आत ठेवतं आणि सरासरीत नापास होतं. चुकीसाठी ठेवलेली जागा ठरवून वापरली की ती चूक राहत नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्र हेतूला इतकं महत्त्व देतं ते यासाठीच. हातून ४८८ भरलं जाणं आणि ४८८ भरायचं ठरवणं यांत काट्यावरचा आकडा एकच दिसतो, कृत्यं मात्र दोन आहेत.

आणि मशीनला एक आकडा, रजिस्टरात दुसरा, याला अनुवाद २५:१३ मध्ये सरळ नाव आहे: थैलीत दोन प्रकारची वजनं, एक मोठं, एक लहान. तेव्हा वजनं दगडाची असत, घेताना एक आणि देताना दुसरं. तुमच्याकडे थैलीच्या जागी रजिस्टर आलंय, एवढाच फरक.

तुम्ही स्वतः यात किती गुंतल्या आहात, हेही शांतपणे पाहायला हवं, नाहीतर माणूस एकतर सगळा दोष अंगावर घेतो, नाहीतर सगळाच झटकतो. कॅथलिक नीतिशास्त्रात, विशेषतः अठराव्या शतकातल्या अल्फोन्सस लिगोरीपासून, एक भेद फार बारकाईने केला जातो: दुसऱ्याच्या वाईट कृत्याला संमतीने हातभार लावणं, आणि आपलं स्वतःचं साधं काम करताना ते नकळत किंवा नाइलाजाने त्याच्या उपयोगी पडणं. टेम्पोत खोके चढवणारा मुलगा दुसऱ्या प्रकारात येतो. त्याचं काम खोके उचलणं आहे, वजन ठरवणं नाही. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकाही बहुतेक तिथेच. पण ४८८ फीड करणारं बोट आणि ५०० लिहून केलेली सही ही तुमची आहे. नोकरी करणं चूक नाही. सही चूक आहे. तेवढाच धागा वेगळा काढायचा आहे, कारखाना सोडून पळायचं नाही.

आधी खात्री करून घ्या. शंकेच्या जोरावर शेठजींकडे गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. काट्यावर ५०० ग्रॅमचं शिक्का मारलेलं वजन ठेवून काटा बरोबर दाखवतो का ते पाहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी नापतौल विभागाकडून दर १२ महिन्यांनी व्हावी लागते, तर शिक्क्याची तारीखही बघून ठेवा. मग १० रिकामी पाऊचं एकत्र तोला आणि दहाने भागा. एकच पाऊच तोलाल तर एक-दोन ग्रॅमचा फरक काटा गिळून टाकतो. त्यानंतर लाइनवरून सलग नव्हे, दर अर्ध्या तासाने दोन अशी १० भरलेली पाकिटं घ्या, तोला, पाऊचचं वजन वजा करा, सरासरी काढा. तारीख, वेळ, बॅच नंबर साध्या वहीत लिहा. इथे लोक नेहमी एक चूक करतात, पाऊचसकट आलेला आकडा शेवेचा समजतात. काट्यावर ४९७ दिसलं आणि पाऊच ९ ग्रॅमचं असेल तर शेव ४८८ च आहे.

मग शेठजींशी एकट्यात बोला. मत्तय १८:१५ मध्ये भावाचा अपराध आधी एकट्यात दाखव असं आहे. शेठजी मंडळीतले नसतील, तरी पद्धत तीच बरी. पॅकिंगच्या बायकांसमोर बोललात तर ते माघार घेणारच नाहीत. नुसतं ‘हे पाप आहे’ म्हणून थांबू नका. दानिएलच्या पहिल्या अध्यायात राजाचं अन्न नाकारताना दानिएलने कारभाऱ्यापुढे तोडगा ठेवला: १० दिवस आम्हाला डाळभाजी देऊन बघा. तुम्हीही दोन तोडगे घेऊन जा. पहिला, मशीन ५०१ किंवा ५०२ वर. पाकिटांतला फरक चारेक ग्रॅमचा असेल तर सरासरी ५०० च्या वर राहते आणि सगळ्यात हलकं पाकीटही १५ ग्रॅमच्या मुभेत आरामात बसतं. १० दिवस चालवून बघू म्हणा. दुसरा, ५०० परवडत नसेल तर पाकिटावर ४८५ ग्रॅम छापा आणि ४८६-४८७ भरा. तेलाचे, बेसनाचे भाव चढतात हे शेठजींचं दुखणं खोटं नाही. भाव वाढवणं किंवा माल कमी करणं यात पाप नाही, गिऱ्हाइकाला ते वाचता आलं पाहिजे. पण आकडा पुढच्या बाजूला, जुन्याच आकारात छापा. कोपऱ्यात बारीक करून टाकला तर तीच चलाखी पुन्हा येईल.

बोलायचे शब्द साधे ठेवा: “शेठजी, काम मी पूर्ण करीन, ओव्हरटाइमही करीन. पण जे भरलंय तेच रजिस्टरात लिहीन. ५०० भरलं तर ५००, ४८८ भरलं तर ४८८.” होय तर होय, नाही तर नाही, हे मत्तय ५:३७ मधलं बोलणं व्यवहारात असंच दिसतं. त्यात धमकी नाही, उपदेशही नाही. आणि त्या दिवसापासून खरोखर तेच लिहा, एकदाही ‘आजच्यापुरतं’ नको.

त्यांनी ऐकलं नाही, तर दुसऱ्या विभागात बदली मागा: भट्टी, कच्चा माल, पाठवणी. तीही नाकारली आणि सहीसाठी दबाव आला, तर मात्र नोकरी सोडायची तयारी हवी. रागाच्या भरात त्याच संध्याकाळी राजीनामा देऊ नका, विशेषतः घरात आजारपण असताना. दुसरीकडे विचारणा सुरू करा, घराचा तीन महिन्यांचा खर्च मांडून बघा आणि पाळकांना आत्ताच कल्पना द्या. विश्वासामुळे कोणाची नोकरी धोक्यात आली तर मंडळीने पुढे यायचं असतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे, नापतौल विभागाचं कार्यालयही आहे. ती पायरी बोलून बघितल्यानंतरची आहे, पण ती आहेच. रोजच्या ७२ पाकिटांचे मालक गिऱ्हाईक आहेत. गप्प राहून शेठजींची अब्रू सांभाळणं हे त्यांच्याशी खरेपणाने वागणं होत नाही.

गेल्या महिन्याच्या सह्यांचं काय? देवापुढे कबूल करा, आणि तिथेच थांबू नका. गणना ५:७ मध्ये घेतलेलं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. लूक १९ मधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट देऊ केलं. फायदा शेठजींचा झालाय, तेव्हा मुख्य देणंही त्यांचंच. पण त्या काळात उत्पादन वाढल्याचा काही बोनस तुमच्या हातात पडला असेल, तर तेवढी रक्कम आणि वर पाचवा भाग गरिबांना द्या. कोणाचं देणं आहे ते माणूस सापडत नसेल, तर ते गरिबांकडे जावं असंच मंडळीने जुन्या काळापासून शिकवलंय.

रविवारचं थोडक्यात सांगते. विसाव्याचा दिवस दहा आज्ञांत आहे, पण शनिवारचा शब्बाथ जसाच्या तसा आपल्यावर नाही. कलस्सैकरांस २:१६ त्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये असं म्हणतं. न बदलणारं आहे ते हे, की देवाची उपासना व्हावी आणि कामकऱ्याला विसावा मिळावा. चार-सहा रविवार सीझनमध्ये गेले तर सकाळची उपासना करून अकराला येते असं विचारा, आणि बदली सुट्टी लेखी मागा, तुमच्यासाठी आणि टेबलावरच्या बायकांसाठीही. त्या ख्रिस्ती नसल्या तरी आज्ञेत दास, दासी आणि वेशीच्या आतला परका यांचा विसावा आहेच. जाता जाता आमोस ८:५ वाचा. शब्बाथ कधी संपेल म्हणून तळमळणारे आणि एफा लहान करणारे व्यापारी तिथे एकाच वचनात आहेत. तुमच्या कारखान्यातही या दोन गोष्टी एकदमच आल्या, हा योगायोग नसावा.

सासूबाईंचं मात्र मला सगळ्यांत जास्त लागलं. खोटं बोलणं कधीच चालत नाही, जीव वाचवायलाही नाही, असं ऑगस्टिन या धर्मपंडिताने इ. स. ३९५ च्या सुमारास लिहिलं. दुसऱ्या बाजूला निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणी बाळांना वाचवण्यासाठी फरोला टोलवतात, आणि देव त्यांचं भलं करतो. यावर देवभीरू माणसांत आजही दोन मतं आहेत. पण तुमच्या घरात फरो कोणी नाही. विचारणारी बाई शुद्धीवर आहे, शरीर तिचं आहे, आणि ती मुद्दाम तुम्हाला एकटीला गाठून विचारते, म्हणजे तिला संशय आलाय आणि तो एकटीने वागवतेय. न विचारलेलं न सांगणं खोटं नाही. सगळं एकाच दिवशी न सांगणंही खोटं नाही. ‘अशक्तपणा आहे’ हे खोटं आहे, आणि ते तिच्याकडून वेळ काढून घेतं: कोणाशी समेट करायचा, बांगड्या कोणाला द्यायच्या, प्रार्थना कशासाठी करायची, याचा वेळ. शिवाय पहिला केमो लागला की वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरूनच त्यांना कळेल, आणि मग घरच्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरणार नाही.

घरच्यांना डावलून सांगू नका. नवऱ्याला आणि भाऊजींना बसवून एवढंच ठरवून घ्या, की आपण होऊन कोणी सांगायला जाणार नाही, पण आईंनी विचारलं तर यापुढे कोणी ‘काही नाही’ म्हणणार नाही. डॉक्टरांना आधी भेटून सांगा की पुढच्या वेळी आईंशीच बोला. तोवर त्यांनी पुन्हा गाठलं, तर काम बाजूला ठेवा, शेजारी बसा आणि आधी विचारा, “आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सगळं ऐकायचंय का?” त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच ठेवा, तोही त्यांचा हक्क आहे. हो म्हणाल्या तर, “गाठ आहे आई, आणि ती साधी नाही. औषधं सुरू करायची आहेत, मी प्रत्येक वेळी बरोबर येणार आहे.” मग गप्प राहा. त्या बराच वेळ काही बोलणार नाहीत. घाईने धीर देऊ नका, हात हातात असू द्या. पुढचा प्रश्न त्या विचारतील तेव्हा तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्या.